बगांची भिशी

मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. त्या मंगळवारी तो चहावाल्यावर निघाला. चहा गोड झाला म्हणून मी त्याला झापलं. "साहेब, रोजच्यासारखाच हाये," एवढं बोलून तो कप उचलून निघून गेला. चहा खरंच रोजच्यासारखा होता. बिघडलं होतं ते वेगळंच. दहा मिनिटांपूर्वी पुण्याच्या साहेबांनी स्क्रीनवरून सांगितलं होतं, की कंपनीची पुनर्रचना होते आहे आणि आमच्या अमरावतीच्या ऑफिसातल्या पाचांपैकी दोघंच राहतील.

साहेब फार सभ्य माणूस. त्यांनी काढणार, घालवणार असले शब्द एकदाही वापरले नाहीत. टीम लहान होणार होती, काही जणांचा प्रवास वेगळ्या दिशेनं जाणार होता, आणि हा निर्णय कुणाच्याही विरोधात नव्हता. पुण्यात निम्मा मजला रिकामा झालाय हे आम्हाला आधीच कळलं होतं. खेळ पूर्वीसारखा चालत नव्हता, जाहिराती आटल्या होत्या, आणि वर एक असा प्रोग्रॅम आला होता जो न थकता, न जेवता स्वतःच खेळ खेळून चुका शोधतो. आमच्याशी बरोबरी करायची तर त्याला फक्त पगार मागायचा राहिला होता.

आमचं काम काय ते सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवते. बनतात पुण्यात, आणि त्यातल्या चुका शोधायच्या आम्ही. चुकीला बग म्हणतात. बग सापडला की त्याचा व्हिडिओ काढायचा, कोणत्या फोनवर काय केलं तेव्हा काय झालं ते लिहायचं, आणि पाठवून द्यायचं. प्रत्येक बगावर शोधणाऱ्याचं नाव चढतं. अकोल्याला सासरे लोकांना सांगतात, "जावई दिवसभर मोबाइल खेळते आन् कंपनी त्याचा पगार देते." ऐकणाऱ्याला आधी हेवा वाटतो, मग तो माझ्याकडे जरा संशयानं बघतो.

कंपनीनं अमरावतीला ऑफिस काढलं ते काही आमच्या प्रेमापोटी नाही. एक तर आम्ही स्वस्त. दुसरं म्हणजे आमच्याकडे सगळंच खराब मिळतं. तडकलेल्या काचेचे जुने फोन, अर्ध्यात तुटणारं नेटवर्क, आणि मे महिन्यात गच्चीवर फोन ठेवला तर दहा मिनिटांत तव्यासारखा तापेल असं ऊन. खेळणारी निम्मी माणसं अशाच फोनवर, अशाच उन्हात खेळतात. पुण्यातल्या गार खोलीत त्यांचे हाल कळत नाहीत. आमचा खेळ शेतीचा होता. लाल छपराचं कोठार, टमाट्याचं शेत, चार मिनिटांत पीक. पाऊस हवा तर ढगावर बोट ठेवायचं. पहिल्यांदा तो ढग बघून आमच्यातली एक जण म्हणाली होती, "हे बटन दर्यापूरले एक लावून द्या ना बाप्पा."

ही कथा तिचीच आहे. आमच्यात वयानं सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, रोज दर्यापूरहून जीपनं येणारी. तिचे वडील तिथे शाळेत शिपाई होते, आता घरी असतात. धाकट्या भावाचं शिक्षण चाललेलं. घरात ठरलेल्या तारखेला पगार आणणारी ती एकटी. येता-जाता जीपमध्ये दहा जणांच्या बैठकीत चौदा जण कोंबलेले, आणि त्यात खिडकीला चिकटून ही खेळ तपासत बसायची. वलगाव मागे पडलं की नेटवर्क जायला लागतं, मध्येच येतं, पुन्हा जातं. पुण्याच्या इंजिनिअरांना असं तुटक नेटवर्क मुद्दाम तयार करावं लागायचं. हिला ते भाड्याच्या पैशात फुकट मिळायचं. तिचे सगळ्यात भारी बग त्या जीपमधले.

आता भिशीकडे येतो. सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

ती नवीन लागली तेव्हा तीन महिन्यांची उमेदवारी होती. त्यात ठरावीक बग निघाले तरच कायम. दुसऱ्या महिन्यात तिला चिकनगुनिया झाला. मनगटं अशी धरली की फोन हातात राहीना. पंधरा दिवसांनी आली तेव्हा दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होती. मी टीमचा प्रमुख. पुण्याला कळवून काही होणार नव्हतं, तिथे नियम म्हणजे नियम. मग मीच म्हणालो, या महिन्यात आपण सगळ्यांनी आपले बग हिच्या नावावर टाकायचे. टाकले. ती कायम झाली. तिनं सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला, आणि तो खाता खाता कुणीतरी म्हणालं, "हे तं भिशीच झाली गा. आता माहा नंबर कवा?"

गंमत म्हणून बोललेलं वाक्य, पण चार दिवसांत आमची पद्धत ठरून गेली. स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकून नंबर काढले. ज्याचा नंबर, त्याच्या नावावर सहा आठवडे सगळ्यांचे बग. संशय येऊ नये म्हणून बाकीच्यांनी आठवड्याला दोन स्वतःच्या नावावर ठेवायचे. नंबर शक्यतो त्याच्या पगारवाढीच्या आधी लागेल अशी अदलाबदल करायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. सगळ्यांना वाढ मिळाली, कुणी मागे राहिलं नाही, आणि तेरी भी चूप, मेरी भी चूप. पुण्याच्या साहेबांनी तर एकदा आमचं कौतुक केलं होतं. म्हणाले, तुमच्या टीमची एक खासियत आहे, कुणीतरी एक जण नेहमी फॉर्मात असतो. आम्ही पाचही जण माना खाली घालून बसलो होतो. कोण आधी हसेल याचीच भीती.

मी स्वतःला फार हुशार समजत होतो, हे कबूल करतो. हिशेब ठेवणाऱ्यांना आपण कसं गुंडाळलं, असा एक आनंद असतो. तो मी दोन वर्षं पुरवून पुरवून भोगला.

आणि मग तो मंगळवार. साहेबांनी स्क्रीनवर एक तक्ता दाखवला. निर्णय पूर्णपणे आकड्यांवर होणार, ते म्हणाले, म्हणजे कुणावर अन्याय नको. गेल्या सहा आठवड्यांत कुणाचे किती बग. माझे एकाहत्तर. आमच्यातल्या चष्मेवाल्याचे एकोणीस. दुसऱ्या दोघांचे बारा आणि अकरा. दर्यापूरवालीचे सहा.

गेले सहा आठवडे नंबर माझा होता.

"आणि म्हशीचा बग कुणी शोधला हे मी विसरलेलो नाही," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. खेळात म्हैस विकत घेताना नेटवर्क तुटलं तर नाणी जायची आणि म्हैस यायचीच नाही. लोक खाली शिव्या लिहून खेळ काढून टाकत होते, आणि पुण्यात कुणालाच ते पुन्हा घडवून दाखवता येत नव्हतं. तो बग तिनं जीपमध्ये शोधला होता. त्यासाठी तीन दिवस तिनं येता-जाता एकाच वळणावर म्हैस विकत घेतली. सोबतच्या बायका विचारत होत्या, काय वं, कायची म्हैस घेऊन राहिली? व्हिडिओत मागे त्यांचा आवाजही आहे. मी तो आवाज बंद करून माझ्या नावावर पाठवला होता. नंबर माझा होता ना.

साहेब शेवटी म्हणाले, तक्ता तुम्ही प्रमुख म्हणून तपासा आणि गुरुवारी पाचच्या आत "बरोबर आहे" असं बटण दाबून पाठवा. शुक्रवारी प्रत्येकाशी बोलू. स्क्रीन बंद झाली. कुणी कुणाकडे बघेना. मी काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असणार, आणि मी चहावाल्यावर ओरडलो.

दुपारी मी गच्चीवर जाऊन आकडेमोड केली. माझ्या एकाहत्तरात माझे स्वतःचे किती? आठवून आठवून नऊ निघाले. तिचे चौतीस. बाकीचे उरलेल्या तिघांचे. आणि आणखी एक गोष्ट तिथे उन्हात उभं असताना लक्षात आली. सहा आठवड्यांत बाराच स्वतःजवळ ठेवायचे, तर चष्मेवाल्याकडे एकोणीस कसे? गडी भिशीत कमी टाकत होता. आणि हिचे सहाच, म्हणजे ही ठरल्यापेक्षा जास्त टाकत होती. ज्यानं हात राखून टाकलं तो वाचणार, जिनं ओंजळ भरून टाकलं ती जाणार, आणि ज्याच्या पदरात पडलं तो मी तर सगळ्यांच्या वर. खाली येऊन चष्मेवाल्याची कॉलर धरावी असं वाटलं. पण कोणत्या तोंडानं? त्यानं सात लपवले होते, माझ्याकडे बासष्ट होते.

घरी बायकोला सांगितलं. ती अकोल्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. माझ्या या नोकरीसाठी ते सोडून अमरावतीला आली, आणि इथे तसं काम तिला अजून मिळालेलं नाही. मुलीचं नाव नुकतंच शाळेत घातलेलं. बायको भाकरी थापत होती, थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"मंग सांगून टाकलं तं काय होईन?" तिनं विचारलं.

"सगळे आकडे खोटे, म्हणतील. मी प्रमुख, म्हणजे पहिला मी जाईन."

"आन् ते पोरगी राहीन?"

"काय सांगावं. म्हणतील, सगळंच ऑफिस खोटं."

तिनं भाकर तव्यावर टाकली. "मी तुमाले बोला म्हणत नाही आन् नोका बोलू असंही म्हणत नाही. मी लॅब सोडून आली, एवढं ध्यानात ठेवा." मग भाकर उलटवत, "तुमच्या नावावरचे तिचे किती?"

"चौतीस."

तिनं पुढची भाकर थापायला घेतली. जेवताना मुलीनं तिखट लागलं म्हणून भोकाड पसरलं आणि मी तिच्यावर खेकसलो. सांगितलं ना, माझा राग चुकीच्या माणसावर निघतो.

बुधवार असाच गेला. ऑफिसात सगळे नेहमीपेक्षा जास्त काम करत होते, जणू सहा आठवड्यांची भरपाई दोन दिवसांत होणार होती. मला वाटत होतं कुणीतरी भांडावं. कुणीतरी म्हणावं, भाऊ, हे बरोबर नाही. म्हणजे मग मलाही काहीतरी म्हणता आलं असतं. पण भिशीत असं कुणी म्हणत नाही. चष्मेवाला दर तासाला पाणी प्यायला उठत होता आणि माझ्या टेबलाजवळून जाताना चाल हळू करत होता. चोराच्या मनात चांदणं. माझ्या मनात तर पौर्णिमा होती.

गुरुवारी दुपारी चारला ती फोन चार्जिंगला लावत होती, तेव्हा मी तिला गच्चीवर बोलावलं. पाचला बटण दाबायचं होतं. जिन्यातून वर जाताना मी मनात वाक्य पाठ करत होतो. पुण्याला मी सगळं सांगतो, जे होईल ते होईल, असं म्हणायचं ठरवलं होतं. आणि म्हटलंही. पण "सांगतो" असं न म्हणता माझ्या तोंडून "सांगू का?" असं आलं. या दोन्हींत किती अंतर आहे ते मला तेव्हाही कळलं होतं.

ती डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी होती. "काय सांगता, भाऊ?"

"भिशीचं. तुझे चौतीस माझ्या नावावर आहेत. म्हैसही तुझीच."

"मंग?"

"मंग म्हणजे? उद्या तुला काढतील."

"भिशी हाये न ते," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जणू मला व्यवहार समजावून सांगत होती. "माहा नंबर पयलाच लागून गेला. माह्याच्यानं फोन धरवत नव्हता तवा तुमी सगळ्यायनं टाकलं म्हणून मी आज दोन वर्सं इथं हाये. उचलून झाल्यावर आता दुसऱ्याच्या नंबराले कुरकुर करू का मी? माही माय भिशी चालवते. जे बाई आधी उचलून मंग टाकाच्या वक्ताले तोंड फिरवते, तिले आमच्या गल्लीत कोनी पानी पाजत नाही."

"पण हे तसं नाही. नोकरी आहे ही."

"तवाही नोकरीच होती." मग तिचा आवाज जरा चढला. "आन् तुमी सांगसान तं त्या दोघायचं काय? त्यायचा नंबर मांगच्या साली होता. वाढ भेटली त्यायले. सगळ्यायले चोर ठरवता काय? माह्या एकटीच्या पायी? मी नाही सांगितलं तुमाले सांगाले. मले ते नाही पायजे."

मी म्हणालो, "विचार कर." ती म्हणाली, "केला. मंगळवारीच केला. जीपमंदी लय टाइम भेटते." आणि खाली गेली.

मी गच्चीवर थोडा वेळ थांबलो. आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो. मला दुःख झालं नाही. मला हायसं वाटलं. खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं मी लांब श्वास घेतला. सुंठीवाचून खोकला गेला होता. मी विचारलं होतं, तिनं नको म्हटलं होतं, आता माझ्या हातात काय उरलं? असं मी स्वतःला समजावलं, आणि समजावायला फार वेळ लागला नाही याचीच मला आजही लाज वाटते. पाचाला वीस मिनिटं कमी असताना मी खाली येऊन बटण दाबलं.

शुक्रवारी एकेकाला आतल्या खोलीत बोलावणं आलं. आत लॅपटॉपवर साहेब, आणि त्यांच्या शेजारच्या चौकोनात एक बाई, जिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला दहा मिनिटं. मी पहिला. माझं अभिनंदन झालं आणि "या कठीण काळात टीमला धीर द्या" असं सांगण्यात आलं. मी हो म्हणालो. चष्मेवाला गेला आणि सात मिनिटांत बाहेर आला, चेहरा लपवत. मग ते दोघं. मग ती.

तिची दहा मिनिटं पूर्ण लागली. बाहेर आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवरचं लॉगिन बंद झालेलं होतं. कंपनीचे चार फोन तिच्याकडे होते. ओढणीच्या टोकानं तिनं एकेकाची काच पुसली, वायर गुंडाळली आणि फोन माझ्या टेबलावर मांडून ठेवले. "मोजून घ्या, भाऊ."

"काय विचारलं त्यांनी?" मी हळूच म्हटलं.

"सहाच काहून म्हणे. काई सांगाचं हाये का म्हणे."

"मग?"

"काई नाही म्हटलं." ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "कामात कमी पडली म्हणून कागदावर लिहून देणार हायेत. अनुभवाच्या दाखल्यावर."

हे मला माहीत नव्हतं. नोकरी जाणं मी धरून चाललो होतो. तिच्या कामाला असा डाग लागेल हे गच्चीवर ना तिच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या. आम्ही दोघं नोकरीची भिशी खेळलो, आणि नावाचा विचारच केला नाही. मी म्हणालो, मी बोलतो त्यांच्याशी. ती म्हणाली, आता राहू द्या, साडेपाचची जीप भरून जाईल. सगळ्यांना हात जोडले आणि निघाली. दारापर्यंत कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

त्यानंतर चार-साडेचार महिने गेले. दोघांचं ऑफिस म्हणजे काय ते कळलं. मी आणि चष्मेवाला समोरासमोर बसायचो आणि कामापुरतं बोलायचो. त्याचे सात मी कधी काढले नाहीत, माझे बासष्ट त्यानं कधी काढले नाहीत. बग कमी निघायला लागले. पुण्याचे साहेब म्हणाले, तुम्ही पूर्वीसारखे फॉर्मात दिसत नाही. मी म्हणालो, माणसं कमी आहेत. ते म्हणाले, खरंय, पण आकडे बघा.

तिला मी दोनदा फोन केला. पहिल्या वेळी उचलला. दर्यापूरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते, म्हणाली. दाखला दाखवला की पुढे कुणी बोलावत नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या वेळी तिनं उचलला नाही, आणि मी पुन्हा लावला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही अकोल्याला सासुरवाडीला होतो. पाहुणे आलेले. पानं मांडली होती, वांग्याच्या भाजीचा वास घरभर. सासरे पाहुण्यांना सांगत होते, "पाचातून तीन गेले, आमचे जावई राहिले. देव तारी त्याला कोण मारी. कंपनी काही वेडी हाये का, हिरा सोडून द्याले?" पाहुण्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

अकोल्याच्याच एका नव्या कंपनीतली बाई बोलत होती. छोटी कंपनी, मुलांचे खेळ बनवते. दर्यापूरच्या एका मुलीनं अर्ज केलाय, तिच्या आधीच्या प्रमुखाचा नंबर शोधून आम्हीच तुम्हाला फोन करतोय, दोन मिनिटं आहेत का? मी उठून मागच्या अंगणात गेलो.

मी तिची स्तुती केली. मेहनती, प्रामाणिक, नजर तेज. बाईनं ऐकून घेतलं.

"सगळेच असं सांगतात, सर," ती म्हणाली. "आमची अडचण निराळी आहे. तिची परीक्षा चांगली झाली. मुलाखतीत आम्ही विचारलं, तू शोधलेला एक अवघड बग सांग. तिनं म्हशीचा बग सांगितला, अगदी बारकाव्यासकट. पण आमचे साहेब पूर्वी तुमच्याच पुण्याच्या ऑफिसात होते. त्यांचं तिकडे अजून बोलणं असतं. त्यांनी चौकशी केली, तर तो बग तुमच्या नावावर आहे. आणि तिच्या दाखल्यावर लिहिलंय, काम अपेक्षेपेक्षा कमी. म्हणजे मुलगी मुलाखतीत खोटं बोलली का, एवढंच मला विचारायचंय. खोटं बोलणारं माणूस आम्ही घेत नाही."

अंगणात तुळशीपाशी मुलीच्या चपला पडल्या होत्या. आत सासरे कुणाला तरी आणखी भात वाढायला सांगत होते. थोडं फिरवून सांगता येईल का, हे मी त्या क्षणीही शोधत होतो. टीमचं काम होतं, सगळ्यांनी मिळून केलं, असं काहीतरी. तेवढ्यानं माझं भागलं असतं. तिचं भागलं नसतं. या वेळी तिला विचारायला गच्ची नव्हती, आणि तिनं नको म्हणण्याची सोयही नव्हती.

"ती खोटं बोलली नाही," मी म्हणालो. "म्हैस तिनंच शोधली. दर्यापूरच्या जीपमध्ये, तीन दिवस बसून."

"मग तुमच्या नावावर कशी?"

मी सगळं सांगितलं. भिशी, पेल्यातल्या चिठ्ठ्या, कल्पना माझी होती हेही. त्या दोघांचं काही सांगितलं नाही, चष्मेवाल्याचंही नाही. माझंच सांगितलं. एकाहत्तरात तिचे चौतीस.

"आणि तुमचे स्वतःचे?"

"नऊ."

पलीकडून बाई जपून म्हणाली, "सर, मला हे साहेबांना लिहून द्यावं लागेल. ते पुण्याला बोलणारच. तुमचं नाव घालून लिहू का? नसेल चालत तर मी फक्त एवढंच लिहिते, की माहिती मिळाली नाही."

"घालून लिहा," मी म्हणालो. "तिला नोकरी द्यायची की नाही ते तुम्ही बघा. पण खोटं ती बोलली नाही, मी बोललो, असं लिहा."

फोन ठेवला आणि वळलो तर बायको दारात उभी. हातात वाढायचं ताट. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावरून सगळंच ऐकलं असावं. आत सासऱ्यांनी हाक मारली, जावई कुठे गेले, भात थंडा होऊन राहिला.

"तिले भेटीन काय नोकरी?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"आन् तुमची राहीन?"

"माहीत नाही," मी म्हणालो.